गणवेशातलं प्रेम कसं पारखावं?

माघ शुद्ध पंचमीला कोलकात्यातली मुलं वह्या-पुस्तकं सरस्वतीच्या पायाशी ठेवतात आणि दिवसभर अभ्यासाला हात लावत नाहीत. सकाळी उपाशीपोटी पुष्पांजली, त्यानंतर खिचडी, लाबडा म्हणजे मिश्र भाजी आणि बोरांची चटणी. बोरं वर्षभरात पहिल्यांदा खायची ती या पूजेनंतरच. मुली वासंती, म्हणजे पिवळ्या रंगाच्या साड्या नेसतात, मुलगे झब्बा घालतात. पण या सणाची खरी गंमत आधीच्या आठवड्यात असते. वर्गणी मुलं गोळा करतात, आल्पना म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी मुली काढतात, मखर सगळे मिळून उभारतात. आमंत्रणपत्रिका घेऊन मुलांची टोळी शेजारच्या मुलींच्या शाळेत जाते आणि मुलींची टोळी मुलांच्या शाळेत येते.

या शहरातल्या कित्येक जुन्या शाळा आजही मुलांच्या वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या आहेत. कॉलेज स्ट्रीटवरच्या हिंदू स्कूल आणि हेअर स्कूल मुलांच्या, १८४९ साली सुरू झालेलं बेथून मुलींचं. वर्षभर बंद असलेलं फाटक एका दिवसासाठी उघडतं, म्हणून बंगालीत या सणाला मोठ्या कौतुकानं ‘बंगाल्यांचा व्हॅलेंटाइन डे’ म्हणतात. २०२४ मध्ये तर दोन्ही दिवस एकाच तारखेला, १४ फेब्रुवारीला आले. आणि ही पूजा येते ती माध्यमिक परीक्षेच्या, म्हणजे आपल्या दहावीच्या, तोंडावर किंवा ती नुकती संपलेली असताना. हातात एक मोकळा दिवस आणि समोर सगळं आयुष्य ठरवणारी परीक्षा, या दोहोंच्या मधल्या फटीत पंधरा-सोळा वर्षांचं मन काय करतं, हे या शहराला चांगलं ठाऊक आहे.

म्हणूनच शालेय प्रेमकथांच्या जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे रेखाटलेल्या चलच्चित्रांच्या, मालिका इथल्या मुलांना परक्या वाटत नाहीत. तिथेही मुलांनी स्वतः उभारलेला शाळेचा उत्सव असतो, डोक्यावर प्रवेशपरीक्षा असते आणि मनातलं बोलायला मिळालेली वेळ थोडी असते. मराठी घरांतही आता ही अ‍ॅनिमे पोचली आहे. आईवडिलांना मात्र बंद दाराआडून जपानी संवाद तेवढे ऐकू येतात आणि मूल नेमकं काय पाहतंय ते कळत नाही. अशा मालिकांत उत्तम काम आहे आणि टाकाऊ मालही भरपूर आहे. दोन्ही वेगळे कसे ओळखायचे, ते या लेखात मांडतो. माझा निकष सरळ आहे. शेवटी दोघांचं जमलं का, हा प्रश्न दुय्यम. त्या प्रेमापायी ती दोन मुलं अधिक मोकळी, अधिक समंजस माणसं झाली का, हे पाहायचं. ज्या मालिकेत ती तशी होतात, ती वेळ काढून पाहावी.

इथवरचा प्रवास

भारतात अ‍ॅनिमे आली ती दूरचित्रवाणीवरून. २००४ साली अ‍ॅनिमॅक्स वाहिनी इथे सुरू झाली. पुढे हिंदीत भाषांतरित झालेल्या डोरेमॉन आणि शिनचॅननं एक अख्खी पिढी वाढवली. नोबिता आणि शिझुका हे त्या पिढीनं पाहिलेलं पहिलं जपानी शाळकरी जोडपं. मोठ्या पडद्याचं दार उघडलं ते चाहत्यांच्या आग्रहामुळे. हजारोंनी सह्या करून मागणी केली आणि माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. घरातून पळून टोकियोला आलेला एक शाळकरी मुलगा आणि पाऊस थांबवू शकणारी एक मुलगी, अशी त्याची गोष्ट. २०२३ च्या एप्रिलमध्ये शिनकाईंचाच ‘सुझुमे’ आला. अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या संकेतस्थळानं २०२२ मध्ये भारतासाठी महिन्याचा दर ७९ रुपयांवर आणला. त्यानंतर पाहायला काही मिळत नाही ही अडचण उरली नाही. आता अडचण निवडीची आहे.

शाळेचं वर्ष हाच कथेचा सांगाडा

या मालिका समजायच्या तर जपानी शाळेचं वर्ष समजून घ्यावं लागतं. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा चेरीला बहर आलेला असतो. मार्चमध्ये निरोप समारंभ होतो. उच्च माध्यमिक शाळा तीन वर्षांची. मुलं साधारण पंधराव्या वर्षी येतात आणि अठराव्या वर्षी बाहेर पडतात. बहुतेक शाळांत दर वर्षी वर्गांची नव्यानं वाटणी होते, म्हणजे आज शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी पुढच्या एप्रिलमध्ये भिंतीपलीकडच्या वर्गात असू शकते. वर्ग मुलंच झाडतात. शाळा सुटल्यावर खेळांची आणि कलांची मंडळं चालतात. जूनमध्ये पाऊस, उन्हाळ्यात आतषबाजीचे मेळे, शरदात शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, डिसेंबरात नाताळची संध्याकाळ. १४ फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात आणि बरोबर महिन्यानं, १४ मार्चला, मुलगे परतभेट देतात. निरोपाच्या दिवशी मुलगा आपल्या गणवेशाचं वरून दुसरं बटण आवडत्या मुलीला देतो.

या वर्षचक्रामुळे कथेला आपोआप घड्याळ मिळतं. प्रत्येक ऋतू एक संधी देतो आणि ती घेतली नाही तर काढूनही घेतो. ‘तू मला आवडतेस’ असं समोरासमोर सांगणं हा तिथे रीतसर टप्पा मानला जातो. ते सांगून होकार मिळाल्याशिवाय दोघांना जोडी म्हणत नाहीत. त्यामुळे ते एक वाक्य बोलण्यासाठी पात्रं दहा-दहा भाग का झुरतात, हे आपल्या प्रेक्षकाला सुरुवातीला उमगत नाही. पण ज्यानं माध्यमिकच्या आधीच्या सरस्वती पूजेला एका पिवळ्या साडीकडे नुसतं बघून घरची वाट धरली आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

कमकुवत मालिका हे वर्षचक्र यादीवर टिकमार्क करावेत तसं वापरते. एक भाग समुद्रकिनारा, एक भाग आतषबाजी, एक भाग नाताळ. चांगली मालिका प्रत्येक प्रसंगातून काहीतरी कायमचं बदलून पुढे जाते.

एकत्र केलेलं काम

जपानी मालिकांत सांस्कृतिक महोत्सवाला एवढं महत्त्व का, याचं कारण कोलकात्यातून चटकन दिसतं. त्या दिवसांत मोठी माणसं शाळा मुलांच्या हवाली करतात. एकमेकांकडे टक लावून बसल्यानं माणूस कळत नाही. रात्री उशिरापर्यंत मखर बांधताना कोण टाळाटाळ करतं, कोण निमूट पडेल ते काम उचलतं, कोण पैशांचा हिशेब चोख ठेवतं, यातून माणूस कळतो. ज्या मालिकेत दोघांना मिळून करायला खरंखुरं काम असतं, तिथलं प्रेम पटतं.

‘तोरादोरा’ हे याचं उत्तम उदाहरण. युयुको ताकेमिया यांच्या कादंबरीमालिकेवरची ही पंचवीस भागांची मालिका २००८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. र्‍यूजी ताकासू हा दिसायला दांडगट, पण मनानं घरगुती मुलगा. आई रात्री बारमध्ये काम करते, म्हणून स्वयंपाक, झाडलोट, धुणं हे सगळं तोच पाहतो. शेजारच्या उंची इमारतीत ताइगा आइसाका एकटी राहते. वडिलांनी तिला फ्लॅट घेऊन दिला आहे आणि स्वतः दूर राहतात. तिला र्‍यूजीचा मित्र आवडतो, र्‍यूजीला ताइगाची मैत्रीण मिनोरी आवडते. दोघं एकमेकांना मदत करायचं ठरवतात आणि या ठरावापायी ती त्याच्या घरी रोज जेवू लागते. त्यांचं प्रेम उगवतं ते भाताच्या वाडग्यातून आणि घासून लख्ख केलेल्या ओट्यावरून. कुणी कुणासाठी रोज काय केलं, याची बारीक नोंद ही मालिका ठेवते.

तिच्यातला महोत्सवाचा प्रसंग नीट पाहावा. ताइगाचे वडील अचानक येऊन मुलीला पुन्हा जवळ करू म्हणतात. ती बिचकते. वडिलांविना वाढलेला र्‍यूजी तिला आग्रह करतो, विश्वास ठेव. मिनोरी भडकते, कारण या वडिलांनी पूर्वी काय केलं ते तिनं पाहिलेलं असतं. महोत्सवाच्या दिवशी ताइगा सौंदर्यस्पर्धेच्या मंचावर उभी राहते आणि ज्या खुर्चीत वडील बसणार होते ती रिकामीच राहते. मग शाळेतली धावण्याची शर्यत सुरू होते. जिंकणाऱ्यानं मंचावरच्या विजेत्या मुलीला मुकुट घालायचा असतो. र्‍यूजी जीव तोडून धावतो आणि त्याच्या बरोबरीनं मिनोरीही. ताइगाला एकटं उभं राहू द्यायचं नाही, एवढंच दोघांच्या मनात. आपण तिला चुकीचा सल्ला दिला हे र्‍यूजीला उमगलेलं असतं आणि ते भरून काढायला त्याच्याकडे पायांखेरीज काही नसतं. प्रेम म्हणजे जबाबदारी, हे एका शब्दाचंही प्रवचन न करता इथे दिसतं. शालेय प्रेमकथेकडून याहून जास्त काय मागावं?

तिसरी, चौथी, पाचवी व्यक्ती

दुसरी कसोटी अशी. नायक-नायिकेला बाजूला काढलं तर मालिकेत काही उरतं का? शाळा ही घराबाहेरची पहिली जागा, जिथे आपल्याला अनोळखी माणसं जोखतात आणि आपणही जोखायला शिकतो. तिथलं प्रेम दोघांपुरतं असूच शकत नाही.

कारुहो शिइना यांच्या मंगावरची, म्हणजे जपानी चित्रकथेवरची, ‘किमि नि तोदोके’ ही मालिका २००९ मध्ये आली. सावाको कुरोनुमा ही लांब काळ्या केसांची, अबोल मुलगी. ‘रिंग’ या भयपटातल्या भुताच्या नावावरून वर्गातली मुलं तिला सादाको म्हणतात आणि तिच्याकडे बघायलाही घाबरतात. काझेहाया हा सगळ्यांचा लाडका मुलगा तिच्याशी साधेपणानं बोलतो. कथा इथून थेट प्रेमाकडे धावू शकली असती. तसं न करता ती आधी मैत्रीकडे वळते. बसण्याच्या जागा बदलायच्या दिवशी सावाकोच्या आसपास बसायला कुणी तयार नसतं. काझेहाया आपला बाक ओढून तिच्या शेजारी आणतो. पाठोपाठ वर्गातलेच आयाने, चिझुरू आणि र्‍यू येऊन बसतात. बाक सरकल्याचा आवाज आणि मान खाली घालून बसलेली सावाको, एवढंच पडद्यावर आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चारी बाजूंना माणसं आहेत, हे आपल्याला जाणवतं.

पुढे स्वच्छतागृहात काही मुली आयाने आणि चिझुरूविषयी वाटेल ते बोलतात. स्वतःबद्दलचं सगळं निमूट सोसणारी सावाको तिथे उभी ठाकते आणि बोललेलं मागे घ्या म्हणून अडून बसते. मैत्रिणींची बाजू घेताना तिला कळतं की त्या आपल्या मैत्रिणी आहेत. प्रेमाचा धागा तिच्या हाती येतो तो यानंतर. आधी स्वतःची किंमत कळली, मग दुसऱ्याला ती देता आली, हा क्रम या मालिकेनं जपला आहे. कुरुमी ही प्रतिस्पर्धी मुलगीही निव्वळ खलनायिका नाही. तिचा कावा उघडा पडतो तेव्हा तिचं दुःखही खरं ठरतं.

या मालिकेत दोषही आहेत. २०११ च्या दुसऱ्या पर्वात न दिलेल्या एका चॉकलेटावरून झालेला गैरसमज फार ताणला आहे. एक वाक्य बोललं असतं तर भाग संपला असता, असं वारंवार वाटतं. तिसरं पर्व तब्बल तेरा वर्षांनी, २०२४ मध्ये आलं. इतक्या वर्षांनीही लोकांनी त्या वर्गातल्या प्रत्येकाची वाट पाहिली, याचं श्रेय त्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या व्यक्तीला आहे.

चित्र काय बोलतं

प्रेमकथा चित्रित करायला खरी माणसं असताना ती रेखाटायची कशाला? कारण रेखाटलेल्या दृश्यात आपोआप आलेलं काहीच नसतं. खिडकीतून येणारी तिरीप, विजेच्या तारा, सायकलचं भिंतीला टेकलेलं चाक, हे सगळं कुणीतरी ठरवून काढलेलं असतं. म्हणून चांगल्या अ‍ॅनिमेत वस्तू आणि प्रकाश पात्रांच्या मनाचं काम करतात. वाक्यं कमी लागतात.

जपानी चित्राची ही ताकद कोलकात्यानं फार पूर्वी ओळखली होती. १९०२ मध्ये कलाचिंतक काकुझो ओकाकुरा या शहरात आले. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन चित्रकार आले. ठळक बाह्यरेषा टाळून रंग धुक्यासारखे पसरू देण्याचे प्रयोग ते करत होते. त्यांचं काम पाहून अवनींद्रनाथ ठाकुरांनी रंगाचे थर पाण्यानं धुऊन वातावरण उभं करण्याची आपली शैली घडवली आणि बंगाल चित्रशैलीला वळण मिळालं. आजची अ‍ॅनिमे ही वेगळ्या काळाची, स्टुडिओत घडणारी कला आहे. तरी हवा रंगवून मन सांगायचं, हे तिचं उद्दिष्ट इथल्या डोळ्याला ओळखीचं वाटतं.

नाओको यामादा यांचा ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा २०१६ चा चित्रपट घ्या. शोया इशिदा यानं लहानपणी शोको या कर्णबधिर मुलीचा छळ केला, मग वर्गानं त्यालाच वाळीत टाकलं. मोठा झालेला शोया कुणाच्या तोंडाकडे पाहू शकत नाही. म्हणून त्याच्या नजरेतून दिसणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर निळी फुली मारलेली आहे. एखाद्याशी नातं जुळलं की त्या चेहऱ्यावरची फुली गळून पडते. यामादा पात्रांच्या चेहऱ्याऐवजी कित्येकदा पाय दाखवतात. पुढे टाकावं की मागे घ्यावं या विचारात घुटमळणारं पाऊल बघून त्या मुलाची धाकधूक आपल्यापर्यंत पोचते. शेवटी शाळेच्या महोत्सवाच्या गर्दीत तो मान वर करतो आणि सगळ्या फुल्या एकदम गळतात. हा चित्रपट प्रेमकथा म्हणून सुरू होत नाही, पण माफी मागितल्याशिवाय प्रेमाला तोंड फुटत नाही, हे याच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं मला आठवत नाही.

साध्या बाजाची ‘त्सुकि गा किरेइ’ (२०१७) याहून हळुवार. कावागोए या जुन्या शहरातली दोन मुलं, शाळा माध्यमिकची, वय चौदा-पंधरा. कोतारो लेखक व्हायचं म्हणतो, आकाने धावपटू आहे. दोघंही लाजाळू. समोर आले की शब्द फुटत नाहीत, म्हणून फोनवर दोन ओळींचे निरोप धाडतात. निरोपाला उत्तर आलं की कोतारो खोलीत दिव्याची लोंबती दोरी मुष्टियोद्ध्यासारखी ठोसे मारून हलवतो. कुणी बघत नसतं, पार्श्वसंगीतही धडाडत नाही. पण त्या चार ठोशांत पंधराव्या वर्षीचा सगळा आनंद आहे. लेखकाला एवढं बारीक दिसलं, म्हणजे त्याला ते वय आठवतं. मालिका निवडताना अशा एका तपशिलावर मी पुष्कळ भरवसा ठेवतो.

होकारानंतर काय?

बहुतेक मालिका होकारापाशी थांबतात. याचं कारण अंशतः व्यवसायात आहे. अ‍ॅनिमेला पैसा पुरवते ती प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी अशा अनेकांची मिळून केलेली समिती. एका हंगामाला बारा-तेरा भाग मिळतात. मूळ मंगा बहुधा चालूच असते आणि मालिका बघून लोकांनी ती विकत घ्यावी, ही प्रकाशकाची अपेक्षा असते. त्यामुळे कित्येक मालिका ऐन रंगात येऊन थांबतात. ‘तोरादोरा’चं भाग्य असं की कादंबरीचा शेवटचा खंड आणि मालिकेचा शेवटचा भाग दोन्ही २००९ च्या मार्चमध्ये आले, म्हणून तिला खरा शेवट लाभला. त्या शेवटातही ताइगा प्रेम मिळालं म्हणून थांबत नाही. आईशी तुटलेलं नातं सांधायला ती दूर जाते आणि वर्षभरानं परतते.

‘होरिमिया’नं (२०२१) होकार चौथ्या भागाच्या सुमारासच उरकला. होरी शाळेत चकचकीत, घरी भावाला सांभाळणारी, साध्या कपड्यांतली मुलगी. मियामुरा शाळेत केस वाढवलेला घुमा, आणि गणवेशाखाली गोंदण लपवलेला. दोघांना एकमेकांचं ते दुसरं रूप आधी दिसतं आणि जोडी जमते. पुढची कथा रोजच्या सहवासाची आहे. पण मंगाचे सोळा खंड तेरा भागांत कोंबल्यामुळे ती घाईची झाली. गाळलेले प्रसंग घेऊन २०२३ मध्ये वेगळी मालिका काढावी लागली. दोन्ही एकत्र पाहिल्या तरच तिची गोडी पुरती कळते.

काय सोडून द्यावं

काही खुणा दिसल्या की मालिका निःशंक बंद करावी. शाळकरी मुलींच्या अंगावरून कॅमेरा लोलुपपणे फिरत असेल, तर ती प्रेमकथा नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीकडे कसं पाहावं याचा तो वाईट धडा आहे. एका निर्गुण मुलाभोवती पाच मुली घुटमळत असतील आणि त्यानं काहीही न करता सगळ्या त्याच्यावर भाळत असतील, तर त्यात शिकण्यासारखं काही नाही. नकार ऐकूनही पाठलाग करणाऱ्याला मालिका शूर ठरवत असेल, तर ती धोकादायक आहे. हा रोग पसरवून आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांनीही पिढ्यान्‌पिढ्या नुकसान केलं आहे. उलट चांगल्या मालिकांत नकार हा शेवट मानतात आणि नकार मिळालेलं मूल त्यातून उभं कसं राहतं, हे मायेनं दाखवतात.

आपल्याकडचं आणि तिकडचं

आपल्याकडे शाळकरी विश्व चित्रात आणि गोष्टीत होतंच. बंगालात नारायण देबनाथ यांनी १९६९ पासून ‘नॉन्टे फॉन्टे’मध्ये वसतिगृहातल्या पोरांच्या खोड्या वर्षानुवर्षं रेखाटल्या. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धावत आला. पण त्या जगात प्रेम नव्हतं. त्या वयातलं प्रेम गंभीरपणे घेण्याचं काम मराठीत मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीनं केलं. २००४ साली ती आली आणि आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गातला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर घराघरांत पोचले. सुजय डहाके यांनी केलेल्या चित्रपटाला २०११ च्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वर सांगितलेल्या कसोट्या ‘शाळा’ला लावून पाहा. वेळ मोजकी आहे, भोवती मित्र खरे आहेत, मोठ्यांच्या जगातली दडपशाही वर्गात झिरपते आहे आणि जोशी शेवटी पहिल्यापेक्षा वेगळा मुलगा आहे. जपानकडे आज अशी पुष्कळ कथानकं आहेत. आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलं तिकडे वळली याचं नवल वाटून घेण्यापेक्षा आपण त्यांना काय दिलं, हे विचारायला हवं.

कुठून सुरुवात करावी

पहिल्यांदाच पाहत असाल तर १९९५ चा ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ हा चित्रपट घ्या. योशिफुमी कोंदो यांचा, जिब्ली स्टुडिओचा. शिझुकू या वाचनवेड्या मुलीला ग्रंथालयाच्या कार्डांवर आपल्याआधी एकाच मुलाचं नाव दिसत राहतं. तो सेइजी. त्याला व्हायोलिन बनवायला शिकायला इटलीला जायचं आहे. त्याचा ध्यास बघून तिला आपली रिकामी ओंजळ दिसते आणि ती गोष्ट लिहायला बसते. अभ्यास मागे पडतो, तरी वडील तिला तिच्या मनासारखं करू देतात आणि निवडलेल्या वाटेची जबाबदारीही तिचीच असल्याचं सांगतात. प्रेमानं माणसाला कामाला लावावं, ही या प्रकाराची सर्वांत सुंदर शक्यता त्यात पूर्ण उतरली आहे. त्यानंतर ‘त्सुकि गा किरेइ’, मग ‘किमि नि तोदोके’चं पहिलं पर्व आणि मन तयार झालं की ‘तोरादोरा’. ‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये छळ आणि आत्महत्येचा विषय आहे. तो चित्रपट मुलांना एकट्यानं पाहू देऊ नये, सोबत बसावं.

आणि हे सोबत बसणं एकूणच करा, ही पालकांना विनंती. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या मनात काय चाललंय हे आईबाबांना थेट सांगता येत नाही. पण सावाको असं का वागली, र्‍यूजीचा सल्ला चुकला का, ताइगाच्या वडिलांनी काय करायला हवं होतं, यावर ते तासभर बोलू शकतं. त्या बोलण्यात त्याचं स्वतःचं बरंच काही येऊन जातं. तेव्हा येत्या रविवारी दार ठोठावा, कोणती मालिका चालू आहे ते विचारा आणि एक पूर्ण भाग मध्येच उठून न जाता त्याच्याबरोबर पाहा.